सत्तेचाळीस नंबरचा खोकला

...आणि वर मलाच, सख्ख्या बापाला, म्हणते कशी, "अता, आधी ऐका, मग बोला!" मला! अहो, सव्वीस वर्षं ओश ते बिश्केक गाडी मारतोय मी, एका फेरीला बारा तास, बाराच्या बारा तास गाणी, म्हणजे या दोन कानांतून जेवढी गाणी गेलीत तेवढी गाणाऱ्यांच्या तोंडातूनसुद्धा गेली नसतील, आणि मला गाणी ऐकायला शिकवणार कोण? तर सेझिम! माझी एकुलती एक पोरगी! दात येत होते तेव्हा आकाशपाताळ एक करायची, मग मी तिला गाडीत घालून गल्लीतून फिरवायचो, कॅसेट लावायचो, आणि दुसरी बाजू लागायच्या आत कार्टी गप्प! ती आता मला सांगते, आधी ऐका...

नाही नाही, तुम्ही बसा हो, गाडी भरायला अजून दोन माणसं हवीत, चहा घ्या तोवर, सांगतो.

माझं एक तत्त्व आहे. गाणं ऐकलं की माणूस कळतो. नाव नको, गाव नको, बापाचा धंदा नको. मागे एक जण बसला, चांगला टाय-बिय लावलेला, म्हणतो, "आके, दादा, जरा ते लग्नातलं ढोलाचं लावा ना." लावलं. पाच मिनिटांनी, "जरा मोठ्याने." केलं मोठं. आणखी पाच मिनिटांनी हा खिडकीवर ताल धरतोय! मी आरशात बघून म्हटलं, "बायको माहेरी गेली वाटतं?" माणूस सीटवरून उडाला! "तुम्हाला कसं कळलं?" म्हटलं, कळतं! दुसरा एक होता, तोंडातून चकार शब्द नाही, फक्त कवायतीची बँडची गाणी हवीत, मी म्हटलं, हा शाळेत कसरतीचा मास्तर. आणि निघाला! म्हणजे... निघाला तो रेल्वेत, पण त्याचा भाऊ मास्तर होता. घरातल्या घरातच की! आता एवढं एक घर इकडेतिकडे व्हायचंच.

तर ही सेझिम बिश्केकला औषधांच्या दुकानात काम करते, वय चोवीस, आणि एक दिवस फोनवर हळूच म्हणते, "अता, एक मुलगा आहे." मुलगा आहे! असणारच! निम्मं जग मुलग्यांचंच आहे! म्हटलं, "बरं मग?" म्हणे, "कुबात नाव. मोबाइल दुरुस्त करतो. स्वभावाने चांगला आहे. नारीनचा आहे." नारीनचा! मी फोन कानापासून लांब धरला. अहो, ओश कुठे, नारीन कुठे! मधे डोंगर किती, घाट किती, हिवाळ्यात वाट बंद, आणि थंडी अशी की तिथे लोक बोलायला तोंड उघडायच्या आधी दोनदा विचार करतात! तिथल्या घरात पोर दिली, तर बापाने ती बघायची कधी? माझ्या साठीला एकदा, आणि मग एकदम माझ्या मयताला!

मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, नाही म्हणायचं. पण नाही म्हणायला कारण लागतं ना हो? पोरगा दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, आईबाप धडधाकट. नारीन लांब आहे हे काय कारण झालं? तेव्हा मी आपला फोनवर हं-हं करत बसलो. पण पोरगी कुणाची! बापाचं हं-हं बरोबर ओळखलंन. पुढच्या फेरीला बिश्केकच्या स्टँडवर भल्या सकाळी हजर, आणि माझ्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला. "गाण्यावरून माणूस ओळखता ना तुम्ही? ही कुबातची गाणी. दोनशे बारा आहेत. ओशपर्यंत ऐका. घरी पोचलात की फोन करा. हो म्हणालात तर हो. नाही म्हणालात, तर नाही. मी पुन्हा विषय काढणार नाही."

आता बोला! माझाच चाबूक माझ्याच पाठीवर! पण मी मनात खूश झालो हं. म्हटलं, दोनशे बारा गाण्यांत एक तरी गाणं असं सापडेलच की ज्यावर बोट ठेवून म्हणता येईल, "बघ बाई, हे गाणं ऐकणारा माणूस संसार करणार नाही!" एक पुरे. मी पेन ड्राइव्ह खिशात टाकला. तिच्या कानात काहीतरी नवीन चांदीचं लोंबत होतं, मी म्हटलं, "गारठ्यात कान कसले सजवतेस, टोपी ओढ खाली." ओढलीन. मग म्हणते, "आणि अता, या बुबुसारा आपा. ओशला जायचंय त्यांना. नीट न्या." बघतो तर बाजूला एक म्हातारी, पाच फूटही नसेल, पांढरा रुमाल, मांडीवर गाठोडं, वाळलेल्या जर्दाळूएवढं तोंड. म्हातारं माणूस पुढेच बसायचं, हे मला सांगायला नको! बसवली माझ्या शेजारी. मागे कारा-सू बाजारातला पडद्यांचा व्यापारी अब्दिकापार, माझं नेहमीचं गिऱ्हाईक, गडगडाटी माणूस, आणि त्याच्या बाजूला कॉलेजातली एक मुलगी, ती बसताक्षणी झोपली.

निघालो. लावलं पहिलं गाणं. गाणं कसलं, भांडण हो! एक पोरगा कुणाला तरी सारखा दम देतोय, मागे कुणीतरी पत्रा बडवतंय, आणि दर चार ओळींनी कुत्रं भुंकतंय. मी म्हटलं, मिळालं! पहिल्याच गाण्यात मिळालं! भांडखोर! म्हातारीला म्हटलं, "ऐकलंत आपा? आजकालची पोरं!" तर ती शांतपणे म्हणते, "आवाज खणखणीत आहे रे. मेंढरं हाकायला बरा."

दुसरं लागलं, तर एकदम कर्णे! माझ्या बापाच्या वेळचं, रशियन जमान्यातलं, चकाचक बूट घालून नाचायचं गाणं! पंचविशीतला पोरगा आणि हे ऐकतो? ढोंगी! सासऱ्याला लोणी लावायला मुद्दाम घातलंय! गाणं ऐकलं की माणूस कळतो, तुम्हाला सांगतो! म्हणजे एका गाण्यात भांडखोर, दुसऱ्यात ढोंगी, अजून दोनशे दहा बाकी, मी तर आनंदाने शीळच घालायला लागलो.

तिसरं उझबेक लग्नातलं, डफ असा की मढं उठून नाचेल! मागे अब्दिकापार सीटवर बसल्या बसल्या खांदे उडवायला लागला, "ओय ओय ओय! आके, हा पोरगा दिलदार आहे हं!" मी म्हटलं, दिलदार कसला, उधळ्या! आणि ऐन रंगात आलं असताना, कारा-बाल्ताच्या जरा पुढे, कबरस्तान लागलं. माझा हात आपोआप बटणावर, आवाज बंद, तोच हात तोंडावरून, "ओमीन!" मागे अब्दिकापारचे खांदे हवेतच थांबले, हात तोंडावरून, "ओमीन!" ती कॉलेजवाली, डोळे मिटलेलेच, हात तोंडावरून, "ओमीन," आणि परत घोरायला मोकळी. सव्वीस वर्षांत माझा हात असा तयार झालाय ना, की डोकं कुठेही असो, कबर दिसली की हात निघतो. एकदा घरी टीव्हीवर सिनेमात कबर दाखवली तर मी रिमोटने आवाज बंद करून ओमीन म्हटलं होतं, बायको अजून त्यावर हसते. तर आपा माझ्याकडे टक लावून बघत होती. माझा हात गेला कसा, आला कसा, सगळं! मला वाटलं, कौतुकाने बघतेय. म्हटलं, बघा बघा, अशी भाविक माणसं राहिली नाहीत आता.

मग पुढे तू-आशूचा बोगदा गेला, सुसामिरचं पठार आलं, घोडीचं दूध प्यायला उतरलो, परत चढलो, आणि गाणी चालूच! कोरियातल्या पोरी, नऊ जणी, सगळ्या एकदम हसतायत का रडतायत कळायला मार्ग नाही! मग एक तुर्की बाप्या, तो मात्र नक्की रडत होता, साडेपाच मिनिटं, मधे नाक ओढून! मग हिंदुस्तानी सिनेमातलं जुनं, त्याला एक शब्द कळायला नको, माझी आई पदराने डोळे पुसत ऐकायची आणि आम्ही विचारलं, "काय म्हणतोय तो?" की म्हणायची, "कळलं असतं तर एवढं रडू आलं असतं का?" मग दोंब्रा, दोन तारांवर टुणटुण. मग गिटार, ते असं की मला वाटलं गाडीचा गिअरबॉक्स गेला, मी बाजूला घेऊन बॉनेट उघडलं! आणि एक तर... खोटं नाही सांगत... नुसता पाऊस! नऊ मिनिटं पाऊस! गाणारा नाही, वाजवणारा नाही, पाऊस! अब्दिकापारने झोपेत काच वर केली आणि मी, बाहेर लख्ख ऊन, मी वायपर चालू केले!

"आपा," मी म्हटलं, "आता तुम्हीच सांगा. पाऊस ऐकणाऱ्या माणसाला कुणी पोर देईल?"

"शेतकरी देईल," ती म्हणाली, आणि गाठोड्यातून कुरुतची, सुकवलेल्या दह्याची, एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. खारट, दगडासारखी कडक. ती चघळताना बोलता येत नाही. मला वाटतं त्यासाठीच दिली असावी.

आला-बेलचा घाट उतरलो, खाली नदी, दोन्ही बाजूंनी कडे, आणि लागलं सत्तेचाळीस नंबरचं गाणं.

सुरुवातीला काहीच नाही. मग किटली. उकळतेय. मग दार कुरकुरलं. मग एक बाई गायला लागली. ना वाद्य, ना ठेका, नुसता आवाज, आणि तोही जुना, कापरा. अंगाई होती. "उंचावरचं गवत गोड, खालचं पाणी गोड, आईच्या चुलीतली राखसुद्धा गोड..." आणि बरोबर या ओळीनंतर... खॉक्! खोकली! गाण्यात! आणि ठेवलंय तसंच!

मी कुरुत थुंकलो. म्हटलं, "बघा! मोबाइल दुरुस्त करतो म्हणे, याला एक खोकला कापता येत नाही? आळशी! आणि बाई तरी कोण शोधून काढलीन, दम नाही, सूर खाली, मागे किटली बोंबलतेय, आधी खोकून घ्यायचं आणि मग गायचं एवढंही कळू नये?"

"म्हातारी असेल रे बिचारी," आपा म्हणाली.

"म्हातारी असली म्हणून काय झालं?"

"खरंय," आपा म्हणाली. "आधी खोकायला हवं होतं."

गाणं संपलं. अठ्ठेचाळिसावं सुरू झालं, काहीतरी ढॅणढॅण. आणि माझं बोट... मी सांगितलं नव्हतं त्याला... मागच्या बटणावर गेलं. किटली. दार. राखसुद्धा गोड. खॉक्. तिसऱ्यांदा परत. खरं सांगू? माझी आई अशीच गायची, चुलीपाशी, काम करता करता, कुणासाठी नाही. तिचा आवाज माझ्यापाशी नाही हो! एक कॅसेट रेकॉर्ड करून ठेवावी हे सुचलं नाही मला, घरात शंभर कॅसेटी होत्या, परक्यांच्या गाण्यांच्या! आणि हा पोरगा, त्याने कुण्या म्हातारीचं गाणं किटलीसकट, दारासकट, खोकल्यासकट जपून ठेवलंय. खोकला आळसाने राहिला नव्हता. त्याला तो हवा होता.

तेव्हा मला कळलं, तुम्हाला म्हणून सांगतो, माझं त्या पोराशी काही वाकडं नव्हतं. गाणी, नारीन, थंडी, सगळी सोंगं. माझी पोर माझ्या घरातून जाऊ नये, एवढंच मला वाटत होतं. बाकी काही नाही.

पण तोंडाने कबूल करीन तर मी जोल्दोशबेक कसला! मी लगेच बेत केला, घरी पोचल्यावर फोन करायचा आणि म्हणायचं, "विचार करतो." हो नाही, नाही नाही, विचार करतो! आणि मग दोन-तीन वर्षं आरामात विचार करायचा. हा बेत मनात पक्का बसला तसा मी पुन्हा आपला रुबाबात स्टिअरिंग धरून बसलो. तोक्तोगुल जवळ आलं. चौथ्यांदा सत्तेचाळीस.

"काय रे," आपा म्हणाली, "तू गाण्यावरून माणूस ओळखतोस म्हणे. ही गाणारी कशी असेल?"

आता हे मला विचारायचं? मी ऐसपैस बसलो. "हे बघा आपा, गाणं ऐकलं की माणूस कळतो. ही बाई उंच. धिप्पाड. हाताखाली पाचसहा सुना, एकीची मान वर करायची टाप नाही. नवऱ्याला धाकात ठेवणारी. आणि आवाजावरून सांगतो, वाईट वाटून घेऊ नका... बहुतेक आता हयात नसेल."

"असं म्हणतोस?"

"लिहून घ्या!"

तेवढ्यात वळण आलं आणि डाव्या अंगाला टेकाडावर कबरस्तान. माझा हात निघाला. बटण, आवाज बंद. पण माझ्या डोक्यात गाणं चालूच होतं हो, राखसुद्धा गोड, आता खोकणार, आता खोकणार... आणि बाजूला आपाने ओंजळ उघडली आणि काहीतरी पुटपुटतेय, म्हटलं मेलेल्यांसाठी दुआ मागतेय, मोठं माणूस आहे, मागू दे, आणि माझा हात, हा मेला हात, सव्वीस वर्षांचा तयार हात, गेला तोंडावर आणि मी खणखणीत आवाजात म्हटलं, "ओमीन!" मागून अब्दिकापार, "ओमीन!" मुलगी झोपेत, "ओमीन!"

पुढचं वळण आलं. ते गेलं. आणि मग, जसा पाय भाजल्यावर चटका जरा उशिराने कळतो ना, तसं मला आपाचं बोलणं कळायला लागलं. काय म्हणाली ही? "...आणि या बापाची लेक सेझिम आमच्या कुबातच्या घरी सुखाने नांदो, तिच्या पायाने घर भरो, दोन्ही घरांची वाट कधी बंद न होवो..."

आमच्या कुबातच्या?

मी ब्रेक मारला. गाडी कडेला. म्हातारीकडे बघितलं. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, रुमालाचं टोक तोंडाशी धरलं, आणि...

खॉक्!

तोच! अगदी तोच! तीनदा ऐकलेला!

"कुबातची आजी मी," ती म्हणाली. "उंच नाही. धिप्पाड नाही. सून एकच आहे, आणि तीच मला धाकात ठेवते. हयात आहे की नाही ते तू बघ."

मी म्हटलं, "आपा, ते ओमीन तुमच्या दुआला नव्हतं! कबरीला होतं!"

तर मागून हा अब्दिकापार, याला काय पडलं होतं मधे बोलायचं? "आके," म्हणतो, "ओमीनवर पत्ता लिहिलेला नसतो. दुआ झाली, हात फिरला, चारचौघांनी ऐकलं. दिलेला शब्द एक वेळ मागे घेता येईल, ओमीन मागे घेतलेलं मी तरी बघितलं नाही. मुबारक हो!" आणि ती मुलगी, जी बिश्केकपासून एक अक्षर बोलली नव्हती, तिने डोळे उघडले, म्हणाली, "मीपण ऐकलं," आणि परत मिटले!

मी म्हटलं, म्हणजे तुम्ही वाट बघत बसलात? कबरस्तानाची? तीनशे किलोमीटर? म्हातारी म्हणते, "कारा-बाल्तालाच तुझा हात बघितला होता. तेव्हाच दुआ मागणार होते. पण म्हटलं, आधी गाणी ऐकू दे त्याला. बापाच्या मनाविरुद्ध पोर नेऊन काय करायचंय? चौथ्यांदा लावलंस तेव्हा ओंजळ उघडली."

म्हातारीचं डोकं बघा! वकीलसुद्धा तिच्याकडे शिकवणी लावेल!

"आणि सकाळी," ती हळूच म्हणाली, "मागणीची कानातली घेऊन आले होते तिच्यासाठी, आमच्याकडून. ती म्हणाली, 'आपा, तुम्ही ओशला पोचेपर्यंत घालते. अता नाही म्हणाले तर संध्याकाळी काढून ठेवीन, तुम्ही परत न्या.'"

टोपी ओढ खाली, असं म्हटलं होतं मी तिला. आणि ती ओढलीन बिचारीने. मी खाली उतरलो, टायर बघतोय असं दाखवलं. चारही टायर बघितले. डोळे पुसले, नाक शिंकरलं, आणि तिला फोन लावला. म्हटलं, "काढू नकोस ती." मग म्हणते, "ऐकलीत सगळी?" म्हटलं, "सत्तेचाळीस ऐकली. पुढची ऐकायची गरज पडली नाही."

मग काय, तोक्तोगुलला उतरलो तळलेले मासे खायला. आता विहीणबाई मिळाल्या, तर मेंढी कापून डोकं मानाने पुढे ठेवायला नको? पण रस्त्यात मेंढी कुठली! अब्दिकापारने माशाचं डोकं ताटलीत ठेवून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते माझ्या ताटात टाकलं. म्हणतात, "तू खा, जावईशोध लावायला डोकं लागतं."

ओशला आल्यावर बघतो तर माझ्या दारात पुलाव शिजतोय, बायकोने नवीन रुमाल बांधलाय, शेजारणी आल्यात! सगळ्यांना ठाऊक! मला सोडून सगळ्या गल्लीला ठाऊक की पुढच्या सीटवर कोण येतंय! मी विचारलं, "तुला केव्हापासून माहिती?" बायको म्हणते, "अहो, गाण्यावरून माणूस ओळखणारे तुम्ही, शेजारी बसलेली बाई ओळखाल असं वाटलं होतं!"

लग्न सप्टेंबरात आहे, तेव्हा घाट उघडे असतात. दोन्ही घरांची वाट कधी बंद न होवो असं म्हातारीने मागितलंय, आणि त्यालाही मीच ओमीन म्हणून बसलोय, म्हणजे आता हिवाळ्यात नारीनचा बर्फ मलाच उपसायला लागणार.

आली का दोन माणसं? चढा, चढा. गाणी लावतो की! पेन ड्राइव्ह गाडीतच आहे, जावयाने परत मागितला नाही. आणि तत्त्व माझं कायम आहे हं, गाणं ऐकलं की माणूस कळतो, फक्त कधी कधी गाडी जरा पुढे गेल्यावर कळतो. परवा घरी दाढी करता करता ते सत्तेचाळीस नंबरचं गुणगुणत होतो, तर बायको आतून ओरडते, "अहो, पाणी आणू का?" म्हटलं, "नको गं बाई. खोकला गाण्यातलाच आहे."